पहिल्याच वाक्यात

बाईंनी हातातलं खोकं आधी खाली ठेवलं, चष्मा सारखा केला आणि जनरलचे आभार मानले. कशाबद्दल, ते जनरलना कळेना. कंपनीच्या तळमजल्यावर ते लिफ्टची वाट बघत उभे होते. दार उघडलं, आतून ह्या बाई खोकं सांभाळत बाहेर आल्या आणि त्यांना बघून थबकल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, केस घट्ट बांधलेले. खोक्यात ऑफिसात घालायच्या सपाता, पाठीशी घ्यायची उशी, पाण्याची बाटली, कॅल्क्युलेटर. "तुम्ही जनरलसाहेब ना? आमच्या साहेबलोकांपुढे भाषण दिलंत ते?" जनरल हो म्हणाले. "तुमचे उपकारच झाले म्हणायचे," बाई म्हणाल्या. "मला आज काढलं. हिशेबाचा आमचा अख्खा विभागच बंद केला. पण साहेब स्वतः आले हो माझ्या टेबलाशी. नाहीतर दुसरीकडे काय करतात, कार्ड लावलं की दारच उघडत नाही. माझ्या बहिणीचं तसंच झालं. तिने मग असा आरडाओरडा केला की शेवटी मालकाला खाली यावं लागलं. आमचे साहेब मात्र खुर्ची ओढून शेजारी बसले, समोर नाही. फोन बंद केला. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं आणि मग गप्प. नुसते बसून राहिले माझ्याबरोबर. तुम्हीच शिकवलंत म्हणे तसं." जनरल पुन्हा हो म्हणाले. "मी सही करून दिली. त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांना काय बोलणार! उलट मीच म्हटलं, मनाला लावून घेऊ नका." बाई खोकं उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच थांबल्या. "एक विचारायचं तेवढं राहूनच गेलं बघा. आमचा विभाग तोट्यात नव्हता. मग आम्हीच का? कुणकुण होतीच, म्हणून कालपासून घोकून ठेवलं होतं. पण साहेब इतके चांगले वागले, की माझं तोंडच उघडलं नाही. आता लिफ्टमध्ये आठवतंय." त्या स्वतःवरच हसल्या. जनरलनी खोकं उचलायला हात पुढे केला, तोवर त्यांनी ते उचललंही होतं, आणि काचेचं दार पाठीने ढकलत त्या रस्त्यावर निघून गेल्या.

लिफ्टचं दार तोवर मिटलं होतं. बटण पुन्हा दाबायचं विसरून जनरल तिथेच उभे राहिले. छातीत दुखत नव्हतं, गुडघाही आज गप्प होता, पण काहीतरी जागचं हललं होतं खास. दातात भरलेलं सिमेंट निखळावं आणि जीभ सारखी त्या खड्ड्यात जावी, तसं मन त्या एका वाक्याकडे जात होतं. तोंडच उघडलं नाही. वर गेल्यावर मालक स्वतः सामोरे आले. मालक म्हणजे त्यांच्या मुलाच्या वयाचा माणूस, बोलताना सतत पुढे चालणारा, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं तर त्याच्या खांद्याशी बोलावं लागे. "एक आवाज झाला नाही, जनरल! ना वकील, ना घोषणा, ना दगड. पलीकडच्या कंपनीत पोलिस बोलवावे लागले. आमच्याकडे सुंठीवाचून खोकला गेला. सगळं तुमच्यामुळे." आज समोर बसणार होते ते दुसऱ्या शाखेतले विभागप्रमुख. ती शाखा मोठी. उद्यापासून तिथेही हेच करायचं होतं, आणि त्या मंडळींची रंगीत तालीम जनरल घेणार होते. "तुम्ही ती शिवणवाल्या बाईची गोष्ट जरूर सांगा," मालक म्हणाले, "मागच्या वेळी मीसुद्धा रडलो." मग त्यांना एका छोट्या खोलीत बसवण्यात आलं. खोलीत एक सोफा, झाकण घातलेला पाण्याचा ग्लास आणि भिंतीवर हसऱ्या कर्मचाऱ्यांचा फोटो. फोटोत हिशेब विभागातल्या त्या बाई आहेत का, ते जनरल बघू लागले आणि मग मुद्दामच फोटोकडे पाठ करून सोफ्यावर बसले.

तसं बघितलं तर ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. कॅप्टन असताना तुकडीतला एक जवान गेला आणि नियमाप्रमाणे घरी तार गेली. तार पडली भलत्याच घरात. शेजारणीने ती फोडली आणि बाजारात भाजी घेणाऱ्या त्याच्या बायकोला रस्त्यापलीकडून ओरडून सांगितलं. हे कानावर आलं तेव्हा त्या कॅप्टनला इतकी लाज वाटली की त्याने ठरवून टाकलं, यापुढे आपला माणूस गेला तर त्याच्या घरी आपण जायचं, दुसऱ्या कुणी नाही. जाताना गाडी लांब सोडायची आणि उरलेलं अंतर पायी जायचं, कारण गाडीच्या आवाजाने दार उघडण्याआधीच घरातल्यांना कळतं, आणि अशी बातमी माणसाकडून कळावी, इंजिनाकडून नव्हे. कमरेचं पिस्तूल गाडीतच ठेवायचं. घरातली माणसं जमिनीवर बसली असतील तर आपणही जमिनीवर. पाणी दिलं तर प्यायचं. आणि जे सांगायचं ते पहिल्याच वाक्यात: तुमचा मुलगा गेला. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते' हा फापटपसारा नको, कारण तेवढ्या चार शब्दांत आई आशेला लागते. सांगून झालं की गप्प बसायचं, आणि ते गप्प बसणंच सगळ्यात कठीण. ते मेजर झाले, कर्नल झाले, खांद्यावरचं पितळ वाढत गेलं, हाताखाली हे काम करायला हवी तितकी माणसं आली. पण पायी जाणं सुटलं नाही. जवान त्यांना पायीसाहेब म्हणत. ह्या नावाचा त्यांना सगळ्या पदकांपेक्षा जास्त अभिमान होता आणि तो अभिमान ते लपवत, म्हणजे लपवत आहेत हे सगळ्यांना दिसेल इतपत लपवत. लष्करी वसाहतीत मात्र बायका त्यांना भीत. अवेळी, इस्त्रीच्या गणवेशात, पिस्तुलाच्या पट्ट्याशिवाय ते पायी निघाले की एकेक खिडकी लागत जाई.

ती शिवणवाली बाई. मुलगा लान्सनायक होता, हसला की हिरड्या दिसायच्या. तिचं घर गावाबाहेर, दार उघडंच, आणि ती मशीनवर शर्टाची कॉलर बसवत होती. जनरल तेव्हा ब्रिगेडियर होते. उंबऱ्याच्या आत येऊन त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. तिचा पाय थांबला नाही. मशीन चालत राहिलं, कॉलरची कड पुरी झाली, तिने दोरा दातांनी तोडला, शर्ट घडी करून बाजूला ठेवला. मग त्यांच्याकडे बघत म्हणाली, "एखाद्या कारकुनाला पाठवलं असतंत तर त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. तुम्ही स्वतः आलात. एवढे मोठे साहेब. आता मी कुणाला शिव्या घालू?" आणि उठून तिने त्यांना पाणी दिलं. किती सभागृहांत त्यांनी ही गोष्ट सांगितली असेल! शिकाऊ अधिकाऱ्यांपुढे, डॉक्टरांपुढे, बँकवाल्यांपुढे. भाषणाच्या शेवटी सांगायची, आवाज थोडा खाली आणायचा, 'कुणाला शिव्या घालू' नंतर थांबायचं. लोक डोळे पुसत. इतकी वर्षं त्यांची पक्की समजूत होती की त्या माउलीने आपल्याला दिलेलं हे प्रशस्तिपत्रक आहे. आणि ती तर विचारत होती. साधा, सरळ प्रश्न विचारला होता तिने, कुणाला, आणि उत्तराची वाट बघत ग्लास हातात धरून उभी होती. उत्तर त्यांना ठाऊक होतं. पण सांगून झाल्यावर गप्प बसायचं असतं, म्हणून ते गप्प बसले आणि पाणी प्यायले. सोफ्यावर बसल्या बसल्या जनरलनी समोरच्या ग्लासवरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं.

मुलगा गेला होता तो टेकडीवरच्या चौकीत. त्या चौकीचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. तिथून शत्रू दिसत नसे, शत्रूला मात्र ती छान दिसे. थंडीने बोटं जात, गोळीने माणसं जात, आणि वर पोचवलेला प्रत्येक डबा कुणाच्या तरी पाठीवरून जाई. ब्रिगेडची सूत्रं हाती आल्या आल्या जनरल वरिष्ठांकडे गेले होते आणि तिथेही पहिल्याच वाक्यात म्हणाले होते, ही चौकी सोडून द्यायला हवी. वरिष्ठ ब्लेडने पेन्सिल तासत होते. त्यांनी पेन्सिल पूर्ण तासली, टोक बोटावर टोचून बघितलं. "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण सोडली तर विचारतील, का सोडली. ठेवली तर कोण विचारतंय?" मग आपुलकीने म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस तिथे आहे म्हणून तर मला काळजी नाही." त्या दिवशी राजीनामा खिशात होता. तो खिशातच राहिला, कारण परतताना गाडीत एक विचार आला आणि तो त्यांना फार उदात्त वाटला: मी गेलो तर माझ्या जागी कुणीतरी दगड येईल, आणि पोरांचे हाल होतील. मग त्यांनी पोरांचे हाल होऊ दिले नाहीत. बूट आणवले, शेगड्या आणवल्या, रॉकेलमध्ये पाणी घालणाऱ्या अधिकाऱ्याला सगळ्यांच्या देखत घरी बसवलं. एक अख्खा हिवाळा स्वतः त्या चौकीत काढला, सगळ्यांच्या मागून जेवले, शेवटची पाळी स्वतः घेतली. पोरं म्हणायची, साहेब म्हणतील तर नरकातसुद्धा जाऊ. आणि गेली. जनरल निवृत्त झाल्यावर ती चौकी एक दिवस गुपचूप सोडून दिली गेली. पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या होत्या. त्या वाचून त्यांनी पेपर मिटला होता आणि बायकोला म्हणाले होते, चहा टाकतेस का. एखादा नालायक अधिकारी तिथे असता तर? माणसं कुरकुरली असती, घरी पत्रं गेली असती, एखाद्या आईने पेपरवाल्यांसमोर थयथयाट केला असता, आणि चौकी वर्षाच्या आत उठली असती. ती उभी राहिली ती बर्फावर नव्हे, दगडांवर नव्हे, त्यांच्या चांगुलपणावर. हा विचार आला आणि जाईना. त्यांनी तो सगळीकडून तपासून बघितला, सैनिकाने बंदूक तपासावी तसा, कुठेतरी खोट सापडेल म्हणून. सापडली नाही.

त्यांनी बायकोला फोन लावला. "झालं भाषण इतक्यात?" तिने विचारलं. "नाही. परत यावंसं वाटतंय." "मग या." "असं कसं येणार? लोक बसलेत." "बसू देत. उठतील थोड्या वेळाने." जनरलनी तिला लिफ्टमधल्या बाईंबद्दल सांगितलं, सगळं, खोक्यातल्या उशीसकट. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग तिने गॅस बारीक केल्याचा आवाज आला. "जो गुळाने मरतो त्याला विष कशाला घालायचं," ती म्हणाली, "एवढंच शिकली ती माणसं तुमच्याकडून." जनरलनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुला पहिल्यापासून असं वाटत होतं?" "मला कुठलं काय वाटतंय! मी खिडकीत असायचे. तुम्ही जाऊन यायचात, हातपाय धुऊन गप जेवायचात, आणि तुम्हाला झोप लागायची. मला वाटायचं, झोप लागतेय म्हणजे बरोबरच वागत असणार हा माणूस. शेजारणींनाही तेच सांगायचे." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ऐकणं जास्त अवघड गेलं. "हे बघा," ती म्हणाली, "डोकं दुखतंय म्हणून त्यांच्यातल्या कुणाला तरी निरोप द्या आणि मागच्या दाराने निघा. भाषणाशिवाय काही अडत नाही कुणाचं." "निरोप कसा देऊ? तोंडावर सांगायला हवं मला." पलीकडे तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. "मग झालंच, पायीसाहेब," ती म्हणाली.

त्यांना घ्यायला आली ती कर्मचारी विभागाची प्रमुख, चटपटीत, मायाळू बाई. तिने वाटेत दोनदा त्यांचा कोपर धरला. सभागृहात विभागप्रमुख त्यांना बघून उठले आणि पुन्हा बसले. व्यासपीठावर त्यांच्यासाठी माइक होता, फुलं होती. जनरल पायऱ्यांशी थांबले आणि वर चढलेच नाहीत. खाली, पहिल्या रांगेसमोर, कुणालाही मान वर करावी लागणार नाही अशा अंतरावर उभे राहिले. हे त्यांनी ठरवून केलं नाही. पाय आपोआप तिथे थांबले. "मी आज तुम्हाला काहीही शिकवणार नाही," ते म्हणाले. "मागच्या वेळी शिकवलं, तेही शिकवायला नको होतं. समोरच्याने ओरडू नये, प्रश्न विचारू नये, यासाठीची ती युक्ती आहे. मी ती जन्मभर वापरली आणि तिला माणुसकी म्हणत आलो. उद्या तुम्ही जे करणार आहात ते मुळात बरोबर आहे का, हे आधी विचारा. ते बरोबर नसेल तर शेजारी बसून सांगितल्याने बरोबर होत नाही." एवढं बोलून ते थांबले. क्षणभर, अगदी एक क्षण, त्यांना हलकं वाटलं. चला, मोडलं एकदाचं, आता कुणीतरी उठेल, चिडेल, मालक तावातावाने आत येतील. दुसऱ्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थाने चष्मा काढला आणि डोळे पुसले. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळं सभागृह उभं राहिलं.

जनरल हात वर करून "थांबा, थांबा" म्हणत होते, पण ते विनयाचं वाटलं असावं, कारण टाळ्या वाढल्या. कर्मचारी प्रमुख पुढे आली तेव्हा तिचेही डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. "आत्ता आपण काय बघितलं?" तिने सगळ्यांना विचारलं. "वाईट बातमी कशी सांगायची ते आपण प्रत्यक्ष बघितलं. आपण भाषण ऐकायला आलो होतो आणि त्यांनी आपल्याला नकार दिला. पण राग आला कुणाला? मला नाही आला. उभे कुठे राहिले बघा. खाली. पहिल्याच वाक्यात सांगितलं. दोष स्वतःकडे घेतला, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही." बोलता बोलता ती फळ्यावर लिहीत होती. "मॅडम, मी खरंच सांगतोय," जनरल म्हणाले. "लोकांना विचारू द्या! आमचाच विभाग का, हे त्यांना विचारू द्या तुम्ही!" त्यांचा आवाज चिरकला. तिने आदराने मान डोलावली आणि फळ्यावर खाली लिहिलं: प्रश्न विचारायला वाव द्या. दाराशी उभे असलेले मालक दोन्ही हात छातीशी नेऊन त्यांच्याकडे बघत होते. आता ओरडावं, खुर्ची उचलून फळ्यावर फेकावी, असं जनरलना वाटलं. पण ओरडायची त्यांना सवय नव्हती. आयुष्यात ते कधीच कुणावर ओरडले नव्हते, हीसुद्धा त्यांची ख्याती होती.

लोक चहाला पांगले. पस्तिशीचा एक विभागप्रमुख मागे रेंगाळला होता, तो जवळ आला. उंच, खांद्यात वाकलेला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "सर, उद्या माझी पाळी आहे. ज्यांनी मला काम शिकवलं, त्यांनाच सांगायचंय. काल आरशासमोर करून बघितलं. पहिलं वाक्य जमतं. पण नंतर तुम्ही आत्ता थांबलात ना, ते मला जमत नाही. मी लगेच बडबडायला लागतो, आणि मग ते चिडतील, मला काहीतरी विचारतील, माझ्याकडे उत्तर नाहीये. किती वेळ थांबायचं असतं, सर?" जनरल त्याच्याकडे बघत राहिले. किती कॅप्टन, किती मेजर ह्याच चेहऱ्याने त्यांच्या गाडीत शेजारी बसले होते. जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं त्यांना. उद्या घरी बस, नाही म्हणून सांग, किंवा निदान बडबड तरी कर, त्यांना चिडू दे, चांगलं बखोट धरू दे तुझं. पण हा गेला नाही तर दुसरा कुणी जाईल, एखादा दगड जाईल, दारातूनच कागद पुढे करेल. ह्याला काम शिकवणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसाने काय केलंय एवढं? जनरलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"समोरच्याने मान वर करेपर्यंत थांबायचं," ते म्हणाले. "त्याआधी एक शब्द नाही."

तो ते वाक्य मनात घोळवत राहिला. मग "थँक्यू, सर" म्हणाला आणि ताठ होऊन, बराच सावरलेला, चहाकडे गेला.